सिनाकॅल्सेट रिसेप्टरला कुठे चिकटतं, आणि तिथे बसून पीटीएच कसं खाली आणतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) फार वाढल्यामुळे डॉक्टरांनी सिनाकॅल्सेट लिहून दिलं आहे. पुस्तकात ‘ॲलोस्टेरिक मॉड्युलेटर’, म्हणजे मूळ संदेशवाहकाची जागा सोडून दुसरीकडे बसून प्रतिसाद बदलणारा रेणू, अशी एक ओळ आहे आणि विषय तिथेच संपतो. हे औषध रिसेप्टरवर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, नेमकं कुठे बसतं? मूळ संदेशवाहकाच्या जागेला हात न लावता ते रिसेप्टरला काबूत कसं आणतं? आणि ॲलोस्टेरिक औषधं जास्त सुरक्षित असतात असं वर्गात सांगितलं, ते खरं का? जाता जाता इतर संप्रेरकांच्या रिसेप्टरांबद्दलही विचारलं आहे.

मी औषधशास्त्र शिकवतो आणि पेशीपटलावरच्या रिसेप्टरांवर माझं बरंचसं काम झालं आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, कारण २०२१ पासून या रिसेप्टरची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली चित्रं हातात आली. तिसऱ्याचं उत्तर मात्र वर्गात जितकं सरळ सांगितलं जातं तितकं नाही. तुमचे वडील ही गोळी घेत आहेत, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

सुरुवात ग्रंथीपासून करू. मानेत थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं आयन स्वरूपातलं कॅल्शियम लिटरला साधारण १.१ ते १.३ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. कॅल्शियम थोडं उतरलं की ग्रंथी पीटीएच सोडते. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावतं आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करवतं. कॅल्शियम थोडं चढलं की पीटीएच झपाट्याने उतरतं. आलेखावर ही रेषा फार तीव्र उताराची दिसते, म्हणजे कॅल्शियममधल्या अगदी लहान फरकालाही ग्रंथी मोठा प्रतिसाद देते.

ग्रंथीला कॅल्शियम किती आहे हे कळतं कसं, याचं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने गाईच्या पॅराथायरॉइडमधून कॅल्शियम-सेन्सिंग रिसेप्टरचा जनुक वेगळा काढला. एक साधा धातूचा आयन संप्रेरकासारखा बाहेरून पेशीला निरोप देतो आणि त्यासाठी पेशीपटलावर स्वतंत्र रिसेप्टर असतो, हे त्यातून सिद्ध झालं. मला आजही हा शोध या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो.

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, म्हणून थांबून सांगतो. या रिसेप्टरला चालना मिळाली की पीटीएच कमी होतं. रिसेप्टर जी-प्रोटीनांमार्फत पेशीच्या आत संकेत पाठवतो, पेशीच्या आतलं कॅल्शियम वाढतं आणि पीटीएचचा स्राव थांबतो. बहुतेक स्रावी पेशींमध्ये आतलं कॅल्शियम वाढल्यावर स्राव वाढतो. पॅराथायरॉइडमध्ये उलटं घडतं. सिनाकॅल्सेट रिसेप्टरला मदत करतं आणि तरीही संप्रेरक घटतं, हे कोडं एवढ्याने सुटतं.

आता रिसेप्टरची रचना. माणसातली प्रत १०७८ अमिनो आम्लांची असते आणि पेशीपटलावर अशा दोन प्रती जोडीनेच नांदतात. प्रत्येक प्रतीचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो. त्याला दोन पाळी असतात आणि त्या एकमेकींवर मिटतात. त्याच्याखाली सिस्टीनने भरलेली मान, मग पेशीपटल आरपार छेदणाऱ्या सात हेलिक्सांचा, म्हणजे मळसूत्री दांड्यांचा, जुडगा आणि आत लोंबणारं शेपूट. कॅल्शियमच्या मुख्य जागा बाहेरच्या भागात आहेत. तिथे कॅल्शियम बसलं, पाळी मिटल्या, की दोन्ही प्रतींचे खालचे भाग एकमेकांकडे सरकतात. ती हालचाल मानेतून खाली उतरते, दोन्ही प्रतींच्या सहाव्या हेलिक्सा एकमेकींना टेकतात, आणि त्या स्थितीत आतल्या बाजूला जी-प्रोटीनला जागा मिळते. गंमत म्हणजे जोडीतली एकच प्रत एका वेळी जी-प्रोटीन धरते. दोन्ही सारख्या असूनही काम असमान वाटलेलं असतं.

सिनाकॅल्सेट यातल्या बाहेरच्या भागाला शिवतही नाही. ते पेशीपटलातल्या सात हेलिक्सांच्या मधल्या खोबणीत जाऊन बसतं, म्हणजे कॅल्शियमच्या मुख्य जागेपासून बरंच खाली. रेणूच्या मध्ये धनभारित अमाइन आहे, तो ८३७ क्रमांकाच्या ग्लुटामेटच्या ऋणभाराशी जोडला जातो. दोन्ही बाजूंचे तेलकट, वलयांचे (ॲरोमॅटिक) भाग, एकीकडे नॅप्थिल आणि दुसरीकडे ट्रायफ्लुओरोमिथिल लावलेलं फिनाइल, आसपासच्या फिनाइलॲलनिन आणि ट्रिप्टोफॅनच्या वलयांमध्ये रुततात. ग्लुटामेट ८३७ बदलला तर औषधाची पकड जाते, हे चित्रं मिळण्याच्या बऱ्याच आधी म्युटेशनच्या प्रयोगांनी दाखवलं होतं. फार्मसीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: औषध म्हणून वापरतात तो आर-एनॅन्शियोमर. त्याचा आरशातला जोडीदार फारच दुबळा आहे. खोबणी किती नेमकी आहे ते यावरून कळतं.

२०२१ च्या चित्रांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की एकाच जोडीतल्या दोन प्रतींमध्ये हे औषध दोन वेगळ्या ढबींत बसतं. एका प्रतीत रेणू ताणलेला असतो, दुसऱ्या प्रतीत वाकलेला. वर सांगितलेलं असमान काम औषधाच्या बसण्यातही दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे याच खोबणीत एनपीएस-२१४३ नावाचा रेणूही बसतो आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो: तो रिसेप्टरला निष्क्रिय स्थितीत धरून ठेवतो. जागा तीच, ग्लुटामेटही तोच. फक्त हेलिक्सांना कोणत्या मांडणीत स्थिरावलं, एवढ्या फरकावर चालना की अडवणूक ते ठरतं. म्हणून ‘औषध कुठे बसतं’ हे कळल्याने ‘औषध काय करतं’ हे आपोआप कळत नाही. परीक्षेत नाही विचारलं तरी एवढं लक्षात ठेवा.

आता दुसरा प्रश्न, काबूत आणण्याचा. सिनाकॅल्सेट एकट्याने रिसेप्टर जवळजवळ चालू करतच नाही. कॅल्शियम हजर असेल तेव्हा ते रिसेप्टरची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलता वाढवतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा जीव, म्हणजे दोरा, सरकवला की त्याच छेडीतून वेगळा नाद निघतो, पण तार कोणी छेडलीच नाही तर जीव कितीही सरकवा, आवाज येत नाही, साधारण तसं. प्रयोगशाळेत पेशींवर कॅल्शियमची मात्रा वाढवत नेऊन आलेख काढला, तर औषध घातल्यावर अख्खी रेषा डावीकडे सरकते. आधी जो प्रतिसाद मिळायला जास्त कॅल्शियम लागत होतं, तोच आता कमी कॅल्शियमवर मिळतो. ग्रंथीच्या दृष्टीने रक्तात कॅल्शियम आहे त्यापेक्षा जास्त असल्यासारखं होतं आणि ती पीटीएच आवरते.

आकड्यांत मांडायचं तर औषधशास्त्रात याला सहकार्याचा गुणांक म्हणतात. समजा तो १० आहे. मग औषधाने खोबणी पूर्ण भरली की मूळ लिगँडची, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या मूळ संदेशवाहकाची, पकड १० पट होईल. त्यानंतर औषधाची मात्रा शंभरपट केली तरी पकड १० पटच राहणार, कारण भरायला खोबणी उरलेली नसते. मूळ जागेवर झुंजणाऱ्या औषधात असं थांबणं नसतं. मात्रा वाढवत गेलं की परिणाम पुढे सरकतच राहतो. शिवाय हा गुणांक फक्त औषधाचा गुणधर्म नाही. औषध, रिसेप्टर आणि लिगँड या तिघांच्या संगतीचा तो आकडा आहे, आणि लिगँड बदलला की बदलतो. हे पुढे संप्रेरकांच्या उदाहरणात दिसेल.

शरीर स्वतःही हे तंत्र वापरतं. २००० साली आर्थर कॉनिग्रेव्ह, स्टीव्हन क्विन आणि ब्राउन यांनी दाखवलं की काही अमिनो आम्लं या रिसेप्टरची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलता वाढवतात. रचनेच्या अभ्यासात दोन पाळींच्या मधोमध ट्रिप्टोफॅनसारखा एक रेणू बसलेला सापडला. आणि २०१९ मध्ये फॉस्फेट थेट याच रिसेप्टरवर बसून त्याला दाबतं असं दिसलं. म्हणजे निसर्गातलं विरुद्ध दिशेचं मॉड्युलेटर. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे मला फार मोलाचं वाटतं. मूत्रपिंड निकामी झालं की फॉस्फेट साचतं, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कमी पडतं, ग्रंथी वर्षानुवर्षं डिवचल्या जाऊन मोठ्या होतात आणि त्यांच्यातले कॅल्शियम रिसेप्टर विरळ होतात. उरलेल्या रिसेप्टरांना फॉस्फेट आणखी बधिर करतं. जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणारी गोळी घ्यायला लावतात, ते हाडं आणि रक्तवाहिन्यांसाठी तर असतंच. पण तीच गोळी सिनाकॅल्सेटचं कामही सोपं करते. एक औषध नीट घ्यायचं आणि दुसऱ्याचा कंटाळा करायचा, असं केल्याने दोन्हींचा उपयोग कमी होतो.

सिनाकॅल्सेटचं कूळ फेंडिलीन या हृदयविकाराच्या जुन्या औषधाकडे जातं. एडवर्ड नेमेथ आणि अमेरिकेतल्या एनपीएस फार्मास्युटिकल्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सांगाड्यावरून आर-५६८ बनवलं आणि १९९८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते पॅराथायरॉइडवर छान चाललं, पण यकृतातल्या सीवायपी२डी६ एन्झाइमवर अवलंबून असल्याने एका माणसात आणि दुसऱ्यात रक्तातली पातळी फार बदलायची. त्यात सुधारणा करून आलेलं सिनाकॅल्सेट मार्च २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांवरचं हे पहिलं मंजूर ॲलोस्टेरिक औषध. पुढे एटेलकॅल्सेटाइड आलं: युरोपात २०१६ मध्ये, अमेरिकेत २०१७ मध्ये. ते डायलिसिसच्या शेवटी शिरेतून देतात. तो डी-अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड आहे आणि त्याची जागा पूर्णपणे वेगळी: रिसेप्टरच्या बाहेरच्या भागातल्या ४८२ क्रमांकाच्या सिस्टीनशी तो डायसल्फाइड बंध बांधतो. एकाच रिसेप्टरवर दोन औषधं, दोन जागा, एक पेशीपटलाच्या आत आणि एक बाहेर, आणि परिणाम जवळपास सारखा. तुमच्या पुस्तकात ‘ॲलोस्टेरिक साइट’ हा शब्द एकवचनी असेल तर तो अनेकवचनी करून वाचा.

आता सुरक्षिततेचं. वर्गातला युक्तिवाद असा असतो: औषध एकटं काही करत नाही, मूळ संदेशावरच काम करतं, शरीराची लय राखतं, आणि परिणामाला कमाल मर्यादा असते, म्हणून ते सुरक्षित. यातलं प्रत्येक विधान बरोबर आहे, निष्कर्ष मात्र आपोआप निघत नाही. कमाल मर्यादा आहे, पण ती रुग्णाच्या सहनशक्तीच्या आतच असेल असं कोणी ठरवलेलं नाही. सिनाकॅल्सेटमध्ये ती सहनशक्तीच्या आत नसते. ग्रंथीला कॅल्शियम पुरेसं वाटत असताना रक्तातलं कॅल्शियम खरोखर खाली गेलेलं असतं. खूप खाली गेलं की पीटीएच पुन्हा चढू लागतं, हे खरं. पण तोवर हाताला मुंग्या, स्नायूंना पेटके, हृदयाच्या आलेखातलं क्यूटी नावाचं अंतर लांबणं, क्वचित झटके येऊ शकतात. २०१३ मध्ये एका १४ वर्षांच्या रुग्णाचा कॅल्शियम अतिशय उतरलेल्या अवस्थेत मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या मुलांवरच्या चाचण्या थांबवल्या होत्या. ‘ॲलोस्टेरिक आहे, काळजी नको’ असं कोणी म्हटलं की मला ही घटना आठवते आणि मी ती प्रत्येक वर्गात सांगतो.

शिवाय हा रिसेप्टर फक्त पॅराथायरॉइडवर नसतो. मूत्रपिंडात, थायरॉइडच्या सी-पेशींत, जठर-आतड्यांतही तो आहे. मळमळ आणि उलटी हे सिनाकॅल्सेटचे सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम, आणि शिरेतून दिलेल्या एटेलकॅल्सेटाइडनेही ते टळत नाहीत. औषध एका रिसेप्टरपुरतं नेमकं असणं वेगळं आणि एका अवयवापुरतं नेमकं असणं वेगळं. ॲलोस्टेरिक जागेमुळे पहिलं साधतं, कारण अशा खोबण्या जवळच्या रिसेप्टरांमध्ये मूळ जागेपेक्षा जास्त वेगळ्या असतात. दुसरं त्याने साधत नाही.

आणि पीटीएचचा आकडा उतरला म्हणजे आयुष्य वाढलं, असंही धरून चालता येत नाही. डायलिसिसवरच्या ३८८३ रुग्णांवरच्या इव्हॉल्व्ह चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला. मृत्यू आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना यांत सिनाकॅल्सेटने घट दिसली ती इतकी थोडी, की मूळ विश्लेषणात ती संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. पीटीएच बेफाम वाढलेल्या, शस्त्रक्रिया टाळायची असलेल्या रुग्णात त्याची जागा पक्की आहे. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते वडिलांशी बोलताना स्पष्ट असू द्या.

विरुद्ध दिशेची औषधंही हेच शिकवतात. रिसेप्टर दाबून पीटीएच थोडा वेळ उसळवायचं आणि त्यातून हाड वाढवायचं, या आशेने रोनाकॅलेरेटची ऑस्टिओपोरोसिसमध्ये चाचणी झाली. पीटीएच वाढलं, पण ते हवं तितक्या लवकर खाली आलं नाही, आणि हाडांना अपेक्षित लाभ झाला नाही. खोबणी बरोबर, बंध बरोबर, काळाचं गणित चुकलं. आता याच जातीचं एन्कॅलेरेट वेगळ्या आजारासाठी अभ्यासलं जात आहे: ज्यांच्यात जन्मतःच हा रिसेप्टर अतिसंवेदनशील असतो आणि त्यामुळे कॅल्शियम सतत कमी राहतं. मला ही दिशा जास्त योग्य वाटते, कारण दोष जिथे आहे तिथेच औषध बसतं.

तुम्ही संप्रेरकांच्या रिसेप्टरांबद्दलही विचारलं आहे, तेव्हा दोन उदाहरणं. रक्तातली साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचा रिसेप्टर घ्या. ग्लुकागॉन मोठा पेप्टाइड. तो बाहेरून हेलिक्सांच्या जुडग्यात खोल शिरतो. त्याला तिथून हुसकावणारा छोटा रेणू बनवणं अवघड. एमके-०८९३ हा रेणू त्या वाटेला गेलाच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत तो जुडग्याच्या बाहेरच्या अंगाला, सहाव्या आणि सातव्या हेलिक्सांच्या मधे, पेशीपटलातल्या स्निग्ध थराकडे तोंड करून बसलेला दिसला. रिसेप्टर चालू व्हायला सहावी हेलिक्स बाहेर सरकावी लागते. हा रेणू तिला सरकूच देत नाही. ग्लुकागॉन वर येऊन बसलं तरी निरोप आत पोचत नाही. मधुमेहाच्या रुग्णांत त्याने साखर उतरवली, पण एलडीएल कोलेस्टेरॉल आणि यकृताची एन्झाइमं वाढली आणि औषध पुढे गेलं नाही. पुढच्याच वर्षी जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवरही त्याच भागात बसणारे रेणू दिसले.

जीएलपी-१ चा रिसेप्टर गुणांकाचा मुद्दाही छान उलगडतो. बीईटीपी नावाचा रेणू या रिसेप्टरच्या आतल्या बाजूच्या ३४७ क्रमांकाच्या सिस्टीनला पक्का बंध बांधून बसतो. संपूर्ण जीएलपी-१ च्या परिणामात त्याने फारसा फरक पडत नाही. ऑक्सिंटोमोड्युलिन या आतड्यातल्याच दुसऱ्या संप्रेरकाचा परिणाम मात्र तो चांगलाच वाढवतो. रिसेप्टर एक, औषध एक, आणि समोर कोण आलं त्यावर परिणाम ठरतो. चाचणीत भलताच लिगँड वापरला तर चांगला रेणू कचऱ्यात जाईल किंवा वाईट रेणू पुढे जाईल. संशोधनात जाणार असाल तर पहिल्या प्रयोगाआधी शरीरात त्या ठिकाणी प्रत्यक्ष कोणता लिगँड असतो, हे विचारायची सवय लावून घ्या.

आता वडिलांच्या गोळीबद्दल. मात्रेचे निर्णय अर्थातच त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टचे. सुरुवात साधारणपणे रोज ३० मिलिग्रॅमने होते. गोळी जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर लगेच घ्यायची; उपाशी पोटी शोषण बरंच कमी होतं. ती तोडायची किंवा कुटायची नाही. पीटीएच तपासायला रक्त द्यायचं असेल तर गोळीनंतर किमान १२ तास जाऊ द्यायचे, कारण गोळीनंतरच्या काही तासांत पीटीएच खूप खाली गेलेलं असतं आणि तो आकडा फसवा असतो. प्रयोगशाळेचा माणूस हे विचारत नाही, तेव्हा वेळ तुम्हीच लिहून ठेवा. सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर आठवड्याभरात कॅल्शियम तपासलं गेलं पाहिजे. कॅल्शियम आधीच कमी असेल तर ही गोळी सुरूच करत नाहीत. सिनाकॅल्सेट स्वतः सीवायपी२डी६ जोरात दाबतं, त्यामुळे मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर त्यांची रक्तातली पातळी वाढू शकते, नाडी मंदावू शकते. सगळ्या गोळ्यांची यादी पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. केटोकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधं उलट सिनाकॅल्सेटचीच पातळी वाढवतात. आणि ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या, हातापायांना पेटके, चक्कर किंवा छातीत धडधड जाणवली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी कॅल्शियम तपासून घ्या आणि डॉक्टरांना कळवा.